निकाल गाडी बंद झाल्यावर

"तुमचं रोजचं रनिंग किती?" शोरूममधल्या माणसाने विचारलं, आणि माझ्या नवऱ्याने धडधडीत चुकीचं उत्तर दिलं.

म्हणजे तो खोटं बोलला असं नाही. त्याला खोटं बोलता येत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तो पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासणाऱ्या विभागात आहे. कुणी आकडा विचारला की त्याचा चेहरा खुलतो. ऑफिसचं जाणं-येणं, आठवड्याचा बाजार, मला दुकानात सोडणं, कधीमधी मावशीकडे, असं सगळं त्याने बोटांवर मोजून दाखवलं. समोरच्या माणसाला बोलताबोलता टाय सरळ करायची सवय होती, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव टायवाला ठेवून टाकलं. टायवाला म्हणाला, एवढ्याला इलेक्ट्रिक गाडी आरामात पुरेल, उलट तुमच्यासाठीच बनवली आहे म्हणा.

"आणि संध्याकाळ?" मी म्हणाले.

नवऱ्याने मोजणारी बोटं मिटली. आमची गाडी सगळ्यात जास्त चालते ती संध्याकाळी, आणि नेमकं तेच आम्ही कुणाला सांगत नाही.

संध्याकाळ म्हणजे बाबा, माझे सासरे. उभी हयात त्यांनी वाहन परवान्याच्या कार्यालयात परीक्षक म्हणून काढली. शेजारच्या सीटवर बसायचं आणि घाम फुटलेल्या माणसांना सांगायचं, डावीकडे घ्या, आरशात बघा, चढावर थांबवून दाखवा. आता त्यांना विसरण्याचा आजार आहे. सासूबाई गेल्या हे ते विसरले, नोकरी संपली हे विसरले, मी कोण हे तर कधीच विसरले. दिवसभर तसे शांत असतात. पण उन्हं कलली की उठतात, बूट घालतात, दाराशी येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "चला, मला घरी जायचंय. फार वेळ झाला इथे."

हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. सुरुवातीला मी एकदा त्यांना म्हणाले, बाबा, हेच तर तुमचं घर. "मला वेडा समजता का तुम्ही?" ते म्हणाले, आणि उभ्याउभ्याच रडायला लागले. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला. काही झालं तरी हे घर तुमचं आहे असं बाबांना सांगायचं नाही.

सांगायचं नाही तर करायचं काय? ते एकटे निघून जायचे. एकदा मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या रांगेत सापडले. मग माझ्या डोक्यात आलं, की त्यांना घरी जायचंय ना, मग नेऊन सोडू या. गाडीत बसवलं. तळ्याला वळसा, जुन्या गिरणीचा चढ, बाजाराचा सिग्नल आणि परत आमच्याच फाटकात. फाटकात गाडी थांबली, बाबांनी मोठा श्वास सोडला, "आलं घर" म्हणाले, आणि आत येऊन चार घास जेवून झोपले. त्या रात्री मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो. इतकं सोपं होतं तर.

तेव्हापासून रोज तीच फेरी, आणि वाटेत रोज माझी परीक्षा. मला ते उमेदवार म्हणतात. "उमेदवार, हात स्टिअरिंगवर नीट ठेवा." "उमेदवार, चढावर गाडी बोटभरही मागे जाता कामा नये." निकाल घरी पोचल्यावर. बहुतेक वेळा मी नापासच होते. मधे एकदा पास झाले तर मी दुकानातल्या सगळ्यांना सांगत सुटले.

माझ्या नणंदबाई, म्हणजे ताई, दुसऱ्या शहरात असतात. त्यांनी बाबांसाठी, अशा आजाराच्या माणसांना सांभाळणारा, एक निवास बघून ठेवला आहे. जागा चांगली आहे, मी फोटो पाहिलेत, आणि ताईसुद्धा चांगल्या आहेत. बाबांवर पुन्हा ट्रकखाली जाता जाता वाचायची वेळ नको, एवढंच त्यांचं म्हणणं. फेरी चालू आहे तोवर बाबा घरी राहतील, फेरी बंद पडली की तिकडे जातील, हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, पण ठरलेलं होतं.

आणि फेरी बंद पडायच्या बेतात होती. गाडी म्हातारी झाली होती. आमच्या मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोकं घालून सगळं तपासलं. मग हात पुसत म्हणाला, "वहिनी, आता हिच्यावर खर्च करू नका. जितकी चालेल तितकी चालवा आणि नवी बघा."

म्हणून आम्ही शोरूममध्ये होतो. टायवाल्याला मी संध्याकाळच्या फेरीचं सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. म्हणाला, रोज तोच छोटा रस्ता, वेग कमी, रात्री गाडी घरीच उभी, म्हणजे अंगणात चार्जिंगला लावायची, यापेक्षा सोयीचं काय असणार? गाडी आठवडाभर घरी ठेवून बघायची कंपनीची योजना होती. नवऱ्याने लगेच सही केली. मलाही पटलं होतं. कागदावर ती गाडी आमच्या घराला अगदी मापात बसत होती.

पहिल्या संध्याकाळी टायवाला स्वतः गाडी घेऊन आला आणि बटणं दाखवायला मागे बसला. बाबा पुढे बसले, पट्टा लावला, आणि वाट बघत राहिले. मी बटण दाबलं. पडद्यावर दिवे लागले. बाबा अजून वाटच बघत होते. मी गाडी फाटकाबाहेर काढली.

"उमेदवार!" बाबा एकदम ताठ झाले. "गाडी घरंगळतेय!"

"चालू आहे बाबा."

"इंजिन बंद आहे. न्यूट्रलमध्ये सोडलीत तुम्ही. हँडब्रेक ओढा!" आणि त्यांनी स्वतःच हात खाली घातला. तिथे हँडब्रेक नव्हता, कप ठेवायची जागा होती. ती त्यांनी जीव खाऊन ओढली.

"सर, हाच तर फायदा आहे," टायवाला मागून म्हणाला. "अजिबात आवाज नाही."

"हे कोण?" बाबांनी मला विचारलं. "परीक्षेच्या वेळी गाडीत तिसरा माणूस चालत नाही."

टायवाल्याला मी तळ्यापाशी उतरवलं. बिचारा टाय सरळ करत चालत परत गेला.

गिरणीचा चढ लागला. गाडी सरसर वर चढत होती. बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा माझ्या पायांकडे पाहिलं. मग परीक्षकाचा आवाज बाजूला ठेवून अगदी साध्या आवाजात विचारलं, "ही चढते कशी हो?"

"बॅटरीवर."

"बॅटरी हॉर्नला असते. दिव्यांना असते." थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मग हिला ओढतंय कोण?"

मला खरंच नीट सांगता आलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी बाबांना कशाचं तरी नवल वाटलं होतं, आणि ते बघून माझा जीव सुखावला. म्हटलं, जमलं. गाडी आपली.

फाटकात आले, थांबले, बटण दाबलं. बाबांनी समोर बघितलं आणि म्हणाले, "का थांबलात? पुढे चला."

मी दुसरी फेरी मारली. परत फाटक, परत "पुढे चला". तिसऱ्या फेरीत ते काही बोलेनासे झाले. गाडीत चार्जिंग भरपूर शिल्लक होतं, आम्हीच संपत आलो होतो. शेवटी नवऱ्याने आणि मी त्यांना जवळजवळ धरूनच आत आणलं. ते बूट न काढता खिडकीशी उभे राहिले, जेवायला बसलेच नाहीत. नवऱ्याला विचारायचे, "साहेब, मला घरी सोडायची काही व्यवस्था होईल का?" मग मला विचारायचे. इतक्या अदबीने विचारत होते की त्यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. नवऱ्याने सगळं सांगून टाकलं. सांगणारच. ताई म्हणाल्या, "मी रविवारी येते. निवासवाले विचारताहेत, किती दिवस जागा अडवून ठेवणार म्हणून. आता काय ते ठरवू."

म्हणजे माझ्या हातात रविवारपर्यंतचा वेळ होता. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. माणसाला दिसत नसेल तर आम्ही घाईने नंबर देत नाही. एका वेळी एकच काच बदलायची आणि विचारायचं, आता बरं दिसतं की मघाशी? मी ठरवलं, बाबांच्या बाबतीतही तेच करायचं. त्यांना घर आलं हे कशावरून कळतं, हे मला आता कळायलाच हवं होतं. ताईंसाठी हवं होतं, नवऱ्यासाठी हवं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या समाधानासाठीही हवं होतं.

जुनी गाडी काढली. आधी फेरी उलटी मारली, बाजार आधी आणि तळं शेवटी. फाटकात येताच, "आलं घर." म्हणजे रस्त्याशी काही संबंध नाही. मग नवऱ्याला चालवायला दिलं. बाबांनी त्याला तळ्यापाशीच नापास केलं, पण फाटकात घर आलंच. म्हणजे माझ्याशीही संबंध नाही. हे कळल्यावर मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बाबांना मागच्या सीटवर बसवायचाही प्रयत्न केला. "परीक्षक मागे बसत नाही," असं सुनावून ते स्वतःच पुढे जाऊन बसले.

म्हणजे जे काही आहे ते गाडीतच आहे. मग नव्या गाडीत खिडक्या उघड्या टाकून बघितलं, बाहेरचा गोंगाट तरी आत येईल. बाबांना वारा आवडला, पण घर आलं नाही. त्या रात्री ते पुन्हा खिडकीशी उभे.

"आवाज!" नवरा सकाळी दात घासताघासता ओरडला. "त्यांना इंजिनचा आवाज लागतो." आणि त्याने जुन्या गाडीच्या बॉनेटवर फोन ठेवून इंजिनचा आवाज भरून घेतला. मीटरचं रीडिंग घ्यावं तसा गंभीर चेहरा करून तो ते काम करत होता. संध्याकाळी नव्या गाडीच्या स्पीकरवर तो घरघराट सुरू केला. बाबांनी जेमतेम क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "रेडिओ बंद करा. परीक्षा चालू आहे."

मला इतकं हसू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग हसता हसताच रडूही आलं. बाबा सरळ समोर बघत होते. उमेदवार रडतात याची त्यांना नोकरीतली सवय होती.

शनिवारी मी जुनीच गाडी काढली. म्हटलं, ताई यायच्या आधीची एक संध्याकाळ तरी बाबांना धड मिळू दे, एक रात्र तरी पोटभर जेवून झोपू देत. सगळं नीट चाललं होतं. बाजाराच्या सिग्नलला लाल दिवा लागला, मी थांबले, आणि गाडीने एक गचका दिला, थरथरली, बंद पडली.

"आलं घर," बाबा समाधानाने म्हणाले. पट्टा सोडला आणि दार उघडलं.

भर चौक. दोन्ही बाजूंनी गाड्या. त्यांचा एक पाय रस्त्यावर पडलासुद्धा. मी आडवी होऊन त्यांच्या शर्टाची पाठ मुठीत धरली, शिवण उसवल्याचा आवाज आला. एक स्कूटरवाला दाराला चाटून गेला आणि जाताजाता आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला. बाबा मागे वळून माझ्याकडे बघत होते. घाबरले नव्हते. घरी पोचलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ चालला होता आणि मी त्यांची पाठ धरून तशीच बसले होते. इतके दिवस जे शोधत होते ते मला त्या चौकात सापडलं. ते इंजिन चालण्यात नव्हतं, ते बंद होण्यात होतं. आवाज थांबला की घर.

गाडी टोचन करून मेकॅनिककडे न्यावी लागली. त्याने आत बघितलं आणि माझ्याकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली. घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं.

"अगं, त्यांचा नियमच होता तो," तो म्हणाला. "निकाल गाडी बंद झाल्यावर. माणूस मध्येच कितीही गयावया करू दे, पास की नापास, तोंडातून शब्द काढायचे नाहीत. म्हणायचे, इंजिन चालू आहे तोवर परीक्षा चालू आहे. आणि आम्हाला कुठून आणलं की घरासमोर गाडी बंद करून आधी एक श्वास सोडायचे. आम्हीसुद्धा तोवर दार उघडायचं नाही."

आता सगळं स्वच्छ दिसत होतं. नव्या गाडीत सुरुवातीपासून शांतताच, मग ती बंद झाल्याचं कळणार कसं? बाबांच्या लेखी त्या गाडीतली परीक्षा संपतच नव्हती. आणि परीक्षा संपल्याशिवाय घर कसं येणार?

"मग पेट्रोलचीच नवी घेऊ," नवरा म्हणाला आणि त्याने तिथल्या तिथे टायवाल्याला फोन लावला. टायवाला प्रामाणिक निघाला. म्हणाला, "साहेब, विकायला मला काहीही चालेल. पण आमच्याकडच्या नव्या पेट्रोल गाड्या सिग्नलला आपोआप बंद होतात, पेट्रोल वाचवायला. ते बंद करायचं बटण असतं, पण दर वेळी गाडी सुरू केली की आठवणीने दाबावं लागतं." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी नाकावरचा चष्मा घरभर शोधणारी बाई. एकदा जरी बटण दाबायचं राहिलं तरी प्रत्येक लाल दिव्याला बाबा भर रस्त्यात घरी उतरणार. नवऱ्याने फोन ठेवून दिला.

रविवारी दुपारी ताई आल्या. बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि प्रवास कसा झाला ते विचारलं, वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेल्या माणसाला विचारावं तसं. ताई त्यांच्याशी छान बोलल्या. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू खूप केलंस गं," म्हणाल्या. हे वाक्य कुठे जातं ते मला कळत होतं. मी म्हटलं, ताई, आजची संध्याकाळ बघा, मग बोलू.

उन्हं कलली. बूट घातले गेले. "चला, मला घरी जायचंय." मी नवी गाडी काढली. दुसरी होतीच कुठे?

काही युक्ती माझ्याकडे नव्हती. खिडक्या लावलेल्या, रेडिओ बंद. तळ्याला वळसा झाला. गिरणीच्या चढावर बाबा पुढे वाकून ऐकू लागले. "आजही चढली," म्हणाले. "तुम्ही खाली बघितलंय का कधी? काहीतरी असणार."

"उद्या बघू या दोघं," मी म्हणाले.

फाटकात थांबले. बटण दाबलं. पडदा काळा झाला, बाकी काहीच बदललं नाही. दारात ताई आणि नवरा उभे होते. बाबा समोर बघत राहिले.

"पुढे चला."

"नाही बाबा. आज पुढे नाही जायचं."

"मग मला इथे कशाला आणलंत?" त्यांचा आवाज चढायला लागला. "हे कुणाचं घर आहे?"

"माझं," मी म्हणाले.

विचार करून नाही म्हणाले. दमले होते, तोंडातून निघून गेलं. लग्न होऊन या घरात आले त्याला किती वर्षं झाली, पण मी याला कधी माझं म्हटलं नव्हतं. दुकानातून निघताना म्हणायचे, बाबांकडे जायचंय, बाबांची वेळ झाली. दारावर त्यांची पाटी, भिंतीवर त्यांनी निवडलेला रंग. आणि आता त्यांच्याच फाटकात, त्यांच्या सख्ख्या लेकीदेखत, मी त्यांना सांगत होते की हे घर माझं आहे. माझं मलाच दचकायला झालं. पण खोटं नव्हतं ते.

"तुमचं?" बाबांनी खिडकीतून घराकडे नीट बघून घेतलं.

"हो. आत या ना. चहा घेऊन जा."

"छे," ते म्हणाले. "परीक्षा चालू असताना उमेदवाराकडे चहा घेता येत नाही. नियम आहे."

"मग निकाल देऊन टाका."

"गाडी बंद झाल्याशिवाय..."

"बाबा, ही गाडी अशीच आहे. हिच्यात बंद झाल्याचं ऐकू येत नाही. ते मी सांगते. झाली बंद."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी नजर हलवली नाही. गाडी येते म्हणणारा माणूस खरं बोलतो की थापा मारतो हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि ते बाकी सगळं विसरले तरी हे विसरले नव्हते.

"नापास," ते शांतपणे म्हणाले. "चढावर इंजिन बंद होतं." आणि पट्टा सोडला.

आत येताना त्यांनी पायपुसण्यावर बूट दोनदा पुसले. आपल्या खुर्चीकडे गेले नाहीत, पाहुणे बसतात त्या कोचाच्या कडेला टेकले. ताईंनी चहा आणून दिला तर अर्धवट उठून म्हणाले, "तुम्ही कशाला तसदी घेतलीत?" ताई म्हणाल्या, तसदी कसली. बाबांनी चहा घेतला, इकडेतिकडे बघितलं, खांदे सैल सोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे अगदी घरच्यासारखं वाटतं हो."

ताईंनी तोंड फिरवलं. नवरा खाली बघत होता. मी त्यांच्या ताटलीत अजून दोन बिस्किटं ठेवली.

मग बाबांचं लक्ष खिडकीकडे गेलं. बाहेर अंधारलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला. "चला," ते म्हणाले, "निघायला हवं आता."

आम्ही तिघं होतो तिथेच थिजलो. पाहुणा म्हटलं की तो निघणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आज राहा ना इथेच," मी म्हणाले. "उशीर झालाय. सकाळी बघू."

"नको नको. तुमची अडचण होईल."

"अडचण कसली? एक खोली रिकामीच असते. अंथरूणसुद्धा घातलेलं आहे."

बाबांनी ताईंकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, यांनाही चालणार आहे ना याची खात्री करून घेतली. दोघांनीही माना हलवल्या. मग ते वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागले. नव्या गाडीतून आल्यावर पहिल्यांदाच ते स्वतःहून बूट काढत होते.

"फक्त आजची रात्र हं," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "फक्त आजची."

ताई उठल्या आणि बाबांच्या खोलीतली चादर बदलायला गेल्या. निवासाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. नवरा कुणाला काही न विचारता बाहेर गेला आणि गाडी चार्जिंगला लावून आला. उद्या संध्याकाळी लागणार होती.